ठळकरावांची ओळ

वेबपानं नुकती जन्माला आली होती, तेव्हाची गोष्ट. एका गावाच्या पानावर ठळकराव आणि ठळकाबाई हे टॅगांचं, म्हणजे अक्षरं कशी दिसावीत ते सांगणाऱ्या खुणांचं, जोडपं राहायचं. ठळकरावांपासून अक्षरं जाड व्हायची आणि ठळकाबाईपाशी ती जाडी थांबायची. दोघांच्या मधे एकच ओळ होती, ‘पाणी उकळून प्या.’

“सारखी आडवी येतेस! चालती हो,” ठळकराव एकदा खेकसले.

“अहो, मग थांबायचं कुठं?” म्हणत ती गेली.

जत्रा, बाजार, हरवलेली शेळी, खालच्या साऱ्या जाहिरातींसकट सगळं पानच जाड झालं. ठळकराव हरखले. पण आठवडाभरात न उकळलेलं पाणी पिऊन निम्मं गाव पोट धरून बसलं.

“एवढं ठळक लिहिलेलं दिसलं कसं नाही?” ठळकराव चक्रावले.

शेळीच्या जाहिरातीनं विचारलं, “यातली तुमची ओळ कुठली हो?”

ठळकरावांनी पानभर नजर फिरवली. त्यांनाही ती सापडेना.