तीन पंखांवरची खूण

त्या मुलखात ऊन कायमचंच मुक्कामाला आलं होतं. गुहांचे दगड तव्यासारखे तापत आणि छताला लटकलेली वटवाघळं पटापट मरून खाली पडत.

दगडातली धग कळायची ती एका म्हाताऱ्या पालीला. कुठली गुहा उद्या भाजून निघणार, हे ती भिंतीवर नुसती फिरून सांगे. तिच्याकडे सगळ्यांत आधी एक किडेखाऊ वटवाघळीण आली. तिचं एक पिल्लू उन्हानं गेलं होतं, दुसरं छातीला बिलगलेलं होतं.

"मावशी, एवढं तरी वाचू दे गं. आम्हा किडेखाऊंना जागा सांग. पण फळखाऊंना कळू देऊ नकोस हं, मेले सगळं बळकावतील."

पाल मुलूखभर हिंडून आली. तिने वटवाघळिणीच्या पंखावर नखाने अख्खा मुलूख रेखला आणि उत्तरेच्या कड्यातल्या एकमेव गार गुहेवर खूण केली. मग फळखाऊंचा नायक आला, त्यामागून बेडूकखाऊंचा. दोघांनी आपापल्या पंखावर नकाशा काढून घेतला आणि इतरांना कळू न देण्याची शपथ घातली. पालीच्याच मनात पाल चुकचुकली, आता बोला! पण प्रत्येकाने आणलेला पतंग चांगला गुबगुबीत होता आणि विचारलं तेवढंच सांगायचं, हा तिचा बाणा. तिने तिसराही पतंग गिळला.

तिन्ही जमाती एकाच संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी येऊन थडकल्या.

"चोर! आमचा नकाशा चोरला!" तिन्हीकडून एकच ओरड झाली.

फळखाऊंनी समोर येईल तो पंख टराटरा फाडला. बेडूकखाऊंनी बेडकांसारख्याच कवट्या फोडल्या. किडेखाऊ झुंडीने तुटून पडले ते थेट डोळ्यांवर. कुणाच्या पोटाशी पिल्लू आहे, हे कुणीही पाहिलं नाही. वटवाघळिणीने फळखाऊ नायकाच्या गळ्यात दात रुतवले. मरता मरता त्याने तिचा कणा मोडला, आणि त्या दोघांवर बेडूकखाऊंचा नायक रक्त ओकत कोसळला.

सकाळी पाल आली. गुहेचं छत गारेगार होतं, तिन्ही जमाती सुखाने लटकल्या असत्या एवढं ऐसपैस. त्याला एकही वटवाघूळ लटकलेलं नव्हतं.

"अगं आई गं," ती म्हणाली आणि खाली उतरली.

तीन पंख एकावर एक पसरले होते. कोवळं ऊन त्यांतून आरपार जात होतं. नदीवर नदी बसली होती, डोंगरावर डोंगर, आणि तिन्ही खुणांचा मिळून एकच ठिपका झाला होता. त्या ठिपक्याखाली पिल्लू आईच्या गार पडलेल्या छातीला लुचत होतं.