सरदारांना न देता आलेली जागा

सरदार जगदेवरावांनी तांबट आळीला लागून नवी हवेली बांधली आणि हातोड्यांच्या ठोकाठोकीने त्यांचं डोकं उठलं. आळीच उठवायची, असं त्यांनी ठरवलं. पहिल्यांदा बोलावलं आळीतल्या तरुण तांबटाला, हैबतीला. त्याचा थोरला भाऊ महिन्यापूर्वीच वारला होता आणि पोरगा एकटा पडला होता.

"पैशाचा विचार करू नकोस," सरदार म्हणाले. "बोट दाखवशील तिथे घर बांधून देतो. मला देता येणार नाही अशी जागा सांगितलीस, तर आळी इथेच राहील!"

"सरकार, दादा गेला आणि आमचा हातोडा थांबला," हैबती डोळे पुसत म्हणाला. "न सांगता साऱ्या आळीचे हातोडे थांबले. शेजारणींनी तेरा दिवस मला जवळ बसून जेवू घातलं. असा शेजार असेल तिथे घर द्या."

"एवढंच ना? पन्नास नोकर ठेवतो!"

"नोकर हुकमाने येतील. मागच्या पंधरवड्यात तुम्ही तापाने फणफणला होतात, तेव्हा चार दिवस आळीत एकही हातोडा वाजला नाही. तो हुकूम कोणाचा होता?"

सरदारांनी कारभाऱ्याकडे पाहिलं. तो चाचरत म्हणाला, "कोणाचाच नाही, सरकार. दारात वैद्यांचा घोडा दिसला, तशी यांनी आपणहून कामं थांबवली."

"मग ती जागा तुम्ही मला कशी देणार?" हैबती म्हणाला. "तिथे तर तुम्हीच फुकट राहताय!"

सरदार खो खो हसले. "हरलो बाबा! राहा इथेच." मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "तुझा दादा कसा होता रे?"

हैबती खाली बसला आणि सांगू लागला. आळीत एक शेजारी वाढला होता.