अण्णांचं एक बोट

इचलकरंजीत नेमगोंडा पाटलांचं तीन मजली कापड दुकान होतं, समोरून सगळी काच. ती काच दर सोमवारी मालन पुसायची. एका सोमवारी ती शिडीऐवजी लांब दांडा घेऊन आली. दांडा आतून पोकळ, टोकाला ब्रश, नळीचं पाणी थेट वर चढायचं. जमिनीवर उभं राहूनच तिनं पहिल्या मजल्याच्या काचा लख्ख केल्या.

पाटलांना ते बघवलं नाही. जन्मात कधी फडकं न धरलेला हा माणूस साऱ्या नोकरांसमोर गरजला, "ही काय काम करायची रीत? वर चढून हातानं पुसलं तरच काच स्वच्छ निघते. शिडी लाव, नाहीतर पुढच्या सोमवारपासून येऊ नकोस!"

"लावते की, अण्णा." मालननं दुकानातली शिडी आणून लावली आणि खालून घट्ट धरली. "फक्त आधी तुम्ही वर जा, अन् काच कुठं मळकी राहिलीय ते बोट लावून दाखवा. तेवढी जागा हातानं पुसते."

नोकर बघत होते. पाटील तावातावानं चढले. सातव्या पायरीवर शिडी जराशी हलली, आणि त्यांनी दोन्ही हातांनी तिला मिठी मारली.

"कुठं हाय डाग? दाखवा की."

"अगं, हात कसा सोडू? पडंन की मी!"

"मी खाली धरलीय तरी तुमचं एक बोट सुटंना, अण्णा," मालन म्हणाली. "माझ्या एका हातात बादली, दुसऱ्यात फडकं, अन् खाली धरायला कुणी नाही. मग इतकी वर्षं शिडी मी कशानं धरत होते? ते आधी सांगा, मग उतरा."