ऑडिट म्हणजे ऐकणं

"विचारायचं का नाही?"

"नाही विचारायचं. वाचन झालं की हात जोडायचे अन् 'ऐकलं' म्हणायचं. तुझ्या पणजोबापासून हेच चालत आलंय," तम्मण्णा म्हणाले. ते मठाचे थोरले पंच.

नीलांबिकेनं ओठ आवळले. सोलापुरात बी.कॉम. करून आलेली, यंदा पहिल्यांदाच पंचांत बसलेली पोरगी. बसवलं होतं ते खुद्द मठाच्या स्वामींनी, चन्नवीर अप्पांनी.

वर्षाचा जमाखर्च पंचांपुढे मोठ्यानं वाचायचा, ही मठाची रीत. आज तो घडाघडा वाचून झाला होता. निम्मे पंच पेंगत होते. शेवटी एवढंच आलं, की कोठारात धान्य कमी भरलं, सबब स्वयंपाकीण गंगव्वाला मठातून काढावं.

सगळ्यांचं 'ऐकलं' म्हणून झालं. राहिली एकटी नीलांबिका. तिच्यावाचून ठराव अडला होता.

अप्पा तिच्याकडे वळले. "ऑडिट म्हणजे काय गं?"

"हिशेबतपासणी, अप्पा."

"ते झालं काम. शब्द कुठला?"

"लॅटिन." तिची मान ताठ झाली. "मूळ अर्थ ऐकणं. तिकडेही पूर्वी हिशेब मोठ्यानं वाचत आणि तपासणारे बसून ऐकत."

"असं... मग तू काय ऐकलंस?"

"मी सगळे कागद पाहिलेत, अप्पा. आकडे तर..."

"पाहिलंस काय, ते नाही विचारलं मी."

तिचे कान तापले.

अप्पांनी डोळे मिटले. तळहात कानामागे धरला आणि मान स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे वळवली.

...

नीलांबिका ताडकन उठली. दार उघडलं. पिठाच्या हातांनी गंगव्वा तिथंच उभी होती.

"या, अव्वा. माझ्या शेजारी बसा."

"अगं ए!" तम्मण्णा कडाडले. "ती पंचांत बसणार? कोण लागून गेली ती? आधी 'ऐकलं' म्हण अन् मोकळी हो!"

"नाही म्हणणार."

"पोरी, घराण्याच्या नावाचा तरी विचार..."

"जिला काढायचं, तिचं तुम्ही ऐकलं नाही, मीही ऐकलं नाही. काढायचं तर मलाही काढा, अण्णा. पण 'ऐकलं' माझ्या तोंडातून यायचं नाही."

पेंगणारे जागे झाले होते.

अप्पांनी कानामागचा हात खाली घेतला.

"हं," ते म्हणाले, "आता वाचायला घ्या."