सतरा नंबरचं कुलूप

“कुलपं किती?”

अमीनमास्तरांनी अहवाल अजून उघडलासुद्धा नव्हता. मांडीवर घेऊन नुसता वरून हात फिरवत होते.

“कसली कुलपं?” सुकृतने विचारलं.

“दारावरची. पाहणीला गेलास तेव्हा किती घरं बंद भेटली?”

सुकृत दहिवलकरला हसू आलं. एवढा दीडशे पानी अहवाल, त्यात तक्ते, आलेख, सगळं काटेकोर. आणि म्हाताऱ्याला पडलंय कुलपांचं.

पण हसून भागणार नव्हतं. अमीनमास्तर म्हणजे या धंद्यातलं जुनं खोड. पस्तीस वर्षं सरकारी पाहण्यांसाठी दारोदार हिंडले, आणि निवृत्त झाल्यावर दर्ग्यामागच्या दोन खोल्यांत येऊन राहिले. सुकृतच्या संस्थेत शिरस्ताच होता, मास्तरांची सही झाल्याशिवाय कुठलाही अहवाल पुढे सरकत नसे. सुकृत संख्याशास्त्रात सुवर्णपदक मिळवलेला गडी. त्याला हा शिरस्ता म्हणजे शुद्ध कालापव्यय वाटायचा. तरी आला होता, भर दुपारी, फटफटीवर धूळ खात. सोमवारी बैठक होती आणि त्याआधी सही हवी होती.

“एक्केचाळीस,” तो म्हणाला. “चारशेपैकी एक्केचाळीस घरांना कुलूप होतं.”

“मग?”

“मग काय, कुलूप दिसलं की लगेच शेजारचं घर घेतलं. त्यामुळे फॉर्म चारशेच्या चारशे भरले. एकही कोरा नाही, मास्तर. प्रतिसाद शंभर टक्के!”

मास्तरांनी अहवाल अजूनही उघडला नाही.

“आणि माणसं लावून नाही केलं हं हे. प्रत्येक दारात मी स्वतः गेलो.”

“काय निघालं?”

“अकरा.” सुकृतने पान उघडून बोट ठेवलं. “चारशे घरांपैकी अकरा घरांत बाईला मारहाण होते. पावणेतीन टक्के.”

आता हा आकडा नुसता आकडा नव्हता, हे सुकृतलाही ठाऊक होतं. तालुक्याच्या गावी एक आधारघर होतं. आठ खाटांचं. नवऱ्याच्या माराला कंटाळून बाहेर पडलेल्या बायका तिथे राहायच्या. प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली निघालं तर ते बंद करायचं, असं वर ठरलं होतं. सोमवारची बैठक त्याचसाठी होती. सुकृतला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण आकडा तो आकडा, त्याला माया लावून कसं चालेल?

“सही करता ना?” त्याने पेन पुढे केलं.

मास्तर उठले. कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडून त्यांनी तळातून एक कागद काढला. पिवळा पडलेला, घड्यांवर विरलेला. जुन्या पाहणीचा छापील फॉर्म होता तो.

“वाच.”

सुकृतने उलटसुलट करून पाहिला. वर घराचा नंबर होता, समासात तीन तारखा होत्या, आणि प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द... कुलूप. बाकी सगळे रकाने रिकामे.

“कोरा आहे हा.”

“अडतीस वर्षं वाचतोय मी. अजून संपला नाही.”

खोलीत उन्हाची तिरीप होती, अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि तरी सुकृतच्या हातावर काटा आला. का ते त्याला कळेना.

“तुम्ही तीनदा गेला होतात,” तो म्हणाला. काहीतरी बोलायचं म्हणून.

“हो. नियम तीनदा जायचा. मी नियम पाळला.”

“मग चुकलं कुठे?”

“चौथ्या दिवशी गावानं दार फोडलं... वासाने.”

सुकृतने कागद सावकाश खाली ठेवला. त्याला तो हातात नको झाला होता.

मास्तरांनी कागदाची घडी घालून पेटीत ठेवली, पेटी लावली, आणि काहीच न घडल्यासारखे पुन्हा समोर येऊन बसले.

“तुझ्या एक्केचाळिसांची यादी आहे?”

“आहे.” ती शेवटच्या पानावर होती. नमुना कसा निवडला हे दाखवायला त्याने अभिमानाने जोडली होती.

“डोळे मीट. बोट ठेव कुठेही.”

“चिठ्ठी काढायची?” सुकृत जरा सैलावला. हा त्याचा प्रांत होता. आपल्या मनाने निवडायचं नाही, नशिबावर सोडायचं, म्हणजे निवड निष्पक्ष होते. यावर तो तासभर व्याख्यान देऊ शकला असता. त्याने डोळे मिटले आणि बोट टेकवलं.

“सावरदरा,” त्याने वाचलं. “घर नंबर सतरा.”

“आठवतं?”

“न आठवायला काय झालं? सतराला कुलूप होतं. मग अठराला गेलो, शेवंताबाईंकडे. फार अगत्याची बाई. ओट्यावर बसवून चहा दिला. त्यांच्या गल्लीत असलं काही नाही म्हणाल्या.” सुकृतला पुन्हा हुरूप आला. “माझी निरीक्षणं किती बारीक असतात बघा. हे पाहा, शेरा... ‘मुलाखतीच्या वेळी चटणी कुटण्याचा आवाज सतत येत होता.’ एवढंसुद्धा सोडलेलं नाही!”

“शेवंताबाई कुटत होती?”

“छे, त्या तर माझ्यासमोर बसल्या होत्या.”

“त्यांची सून?”

“एकट्याच राहतात त्या.”

“मग आवाज कुठून येत होता?”

“भिंतीपलीकडून.”

“कुठल्या भिंतीपलीकडून?”

सुकृतने ती गल्ली आठवून पाहिली. गल्लीतलं ते अठरावं घर शेवटचं होतं. एका अंगाला ओढा आणि दुसऱ्या अंगाला...

त्याने यादीतल्या सतरा नंबरकडे पुन्हा पाहिलं.

“चल,” मास्तर म्हणाले आणि पायात वहाणा सरकवून त्यांनी छत्री घेतली.

सावरदरा तिथून अर्ध्या तासावर. वाटेत दोघांत एक शब्द झाला नाही. मागे बसलेल्या मास्तरांचं वजन सुकृतला जाणवतही नव्हतं, इतकं की दोनदा त्याने मागे वळून खात्री करून घेतली.

गावात दुपारची सामसूम होती. माणसं रानात गेलेली. गल्लीच्या तोंडाशी एक कुत्रं पडलं होतं, त्याने डोळा उघडून पाहिलं आणि भुंकलंही नाही. दोन्ही बाजूंनी दारं, आणि त्यातल्या तीन दारांना कुलपं. एकोणीस दिवसांपूर्वी सुकृत याच गल्लीतून शीळ घालत गेला होता. तेव्हा ती अशी नव्हती, किंवा त्याने पाहिली नव्हती.

शेवंताबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. सुकृतला ओळखून त्या हसल्या. मग मास्तर सतरा नंबरपुढे थांबलेले पाहिले, तसं हसू मावळलं. त्यांनी सूप उचललं, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज स्पष्ट आला.

सतरा नंबरच्या चौकटीवर सुकृतनेच खडूने लिहिलेला आकडा अजून होता. त्याच्याच अक्षरात खाली... कुलूप.

“हात लाव,” मास्तर म्हणाले.

सुकृतने कुलूप हातात घेतलं. गंज नव्हता. कडेने चकचकीत घासलेलं, रोज उघडणारं आणि रोज लागणारं.

“रोज कामाला जात असतील घरातली सगळी,” तो पुटपुटला.

मास्तरांनी नुसती मान वळवली. सुकृतने त्यांची नजर गेली तिकडे पाहिलं. भिंतीच्या बुडाशी मोरीचं तोंड होतं. त्यातून पाण्याची बारीक धार येत होती. त्याच्या डोळ्यांसमोर ती थांबली. आत कुणीतरी पाणी ओतायचं थांबवलं होतं.

दार बाहेरून बंद होतं.

“वाजव,” मास्तर म्हणाले.

सुकृतने आयुष्यात चारशेच्या वर दारं वाजवली होती. या दारावर त्याचा हात उचलेना. शेवटी बोटाच्या पेराने त्याने हळूच ठोकलं. एकदा.

काही नाही...

मग दाराच्या पलीकडून, खाली, उंबऱ्याच्या जवळून उत्तर आलं. ठक. थोडं थांबून, ठक ठक.

चटणी कुटण्याचा आवाज.

सुकृत उंबऱ्याशी खाली बसला. दाराशी तोंड नेऊन त्याने विचारलं, “आत... आत कोण आहे?”

बराच वेळ श्वास तेवढा ऐकू येत होता. मग बाईचा आवाज आला, तरुण, पण वापरात नसल्यासारखा.

“आवाज वळखते मी तुमचा. त्या दिशी शेजारी च्या प्यालात.”

सुकृतने दाराला कान लावला.

“मारहाण होती का, इचारलंत. शेवंतामावशी न्हाई म्हनली. मी वाजवत हुते, दादा. तुमी म्हनलात, कोन तरी चटणी कुटतंय वाटतं...” आवाज जरा थांबला. “आन हसलात.”

हे खरं होतं. तो हसला होता. शेवंताबाईही हसल्या होत्या. शरमेने त्याचे कान तापले. इतकी शरम त्याला जन्मात वाटली नव्हती. त्याला वाटलं, हा आवाज कुणी माझ्या अहवालातून पुसून टाकला तर किती बरं होईल, आणि असं वाटल्याबद्दल त्याला स्वतःची आणखीच किळस आली.

ओढ्याकाठी पडलेला एक दगड तो दोन्ही हातांनी उचलून घेऊन आला.

“ताई, फोडतो मी कुलूप.”

“नगा!”

दगड हवेतच राहिला.

“तुमी फोडाल आन जाल. त्यो सांजच्याला येईल. मग?”

सुकृतने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर मोरीच्या सुकत चाललेल्या पाण्याकडे पाहत होते. या पोथीतलं पुढचं पान ते वाचून दाखवणार नव्हते.

“तालुक्याला एक घर आहे,” सुकृत म्हणाला. “बायांसाठी. आठ खाटा आहेत. मी स्वतः नेतो तुम्हाला.”

“किती दिस ऱ्हाऊ देतील?”

एवढासा प्रश्न. त्याच्या फॉर्मवर साठ प्रश्न होते, त्यांत हा नव्हता. आणि याचं उत्तर साऱ्या तालुक्यात सध्या एकाच माणसाच्या पिशवीत होतं, दीडशे पानांत, सहीसाठी अडलेलं.

“बोला की...” आतून आवाज आला.

“राहील ते घर,” सुकृत म्हणाला. “मी अजून अहवाल दिलेला नाही. सगळी दारं वाजवल्याशिवाय देणार नाही. बैठकीत उभा राहून सांगेन, माझा आकडा चुकला.” मग त्याला वाटलं हे फार झालं, आणि फार कमीही झालं. “तुम्ही राहाल तिथे, ताई.”

सुकृतने दगड पुन्हा दोन्ही हातांनी नीट धरला.

“मग फोडा.”

पहिल्या घावाला कुलूप नुसतं हललं. दुसऱ्याला दगडाचाच टवका उडाला. प्रत्येक घावाचा आवाज त्या रिकाम्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि परत यायचा. एकही दार उघडलं नाही, एकही माणूस विचारायला आला नाही. भर दुपारी कुणी कुलूप फोडतंय आणि गावात कुणालाच ती चोरी वाटत नाही, हे सुकृतला त्या आवाजाहून भयंकर वाटलं.

सहाव्या घावाला कडी कोयंड्यासकट निघाली.

दार आत ढकलावं लागलं नाही. ते आपसूक उघडलं. उंबऱ्याशी एक बाई बसली होती, पंचविशीची असेल नसेल. हातात लाटणं. उजेडाने तिचे डोळे मिटले होते. मास्तरांनी पुढे होऊन आपली छत्री उघडली आणि तिच्या डोक्यावर धरली.

“ये पोरी,” ते म्हणाले. “सावकाश. घाई नाही.”

तिने चौकट धरून एक पाय बाहेर ठेवला. मग दुसरा. लाटणं मात्र सोडलं नाही.

सुकृतने कपाळावरचा घाम पुसला. हाताला खरचटलं होतं. संपलं एकदाचं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याने दगड खाली ठेवला.

ठक.

त्याने बाईच्या हाताकडे पाहिलं. लाटणं स्थिर होतं.

ठक... ठक ठक.

आवाज मागून येत होता. गल्लीच्या वरच्या अंगाने, दुसऱ्या कुलपाच्या दिशेने. बाईनेही मान वळवली; तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

सुकृत त्या कुलपाकडे वळला.

मास्तरांनी वाकून दगड उचलला, त्यावरची माती झटकली आणि त्याच्या हातात दिला.

“चाळीस राहिली.”