चारशे जणांनी घेतलेलं नाव

डॉ. शारदा ढोबळे यांना प्राध्यापक होण्याची ही शेवटची संधी होती. निवड समितीचे अध्यक्ष डॉ. रणपिसे त्यांचा अर्ज चाळत म्हणाले, “बाई, बारा वर्षांत नऊच शोधनिबंध? वांग्याच्या जनुकावरच्या माझ्या एकाच निबंधाचा चारशे जणांनी उल्लेख केलाय!”

“हो सर, मी ते सगळे वाचलेत!” बाईंचे डोळे चमकले. “ते जनुक वांग्याचं नव्हतंच, न धुतलेल्या पानावरच्या बुरशीचं निघालं. पान आधी धुऊन घ्या, हे बजावताना सगळे तुमचंच नाव घेतात.”

“आणि धुवायचं कसं?” एका सदस्यांनी हसू दाबत विचारलं.

“त्यासाठी ते माझ्या निबंधाचं नाव घेतात.”

चौघा सदस्यांनी तिथल्या तिथे बाईंना पसंती दिली. अध्यक्षांनीही मुकाट्याने सही केली.