मलकाबाईंचा गोड मांडव

फार जुनी गोष्ट सांगतो. समुद्राकाठी, नारळीच्या बागांमध्ये लपलेलं एक गाव होतं. त्या गावात यहुद्यांची थोडी घरं होती. ही माणसं घाण्यावर तेल गाळत, शनिवारी घाणे बंद ठेवत आणि आपले सणवार श्रद्धेने पाळत.

पीकपाणी हाताशी आलं की त्यांचा मांडवाचा सण येई. पुरुष प्रार्थनाघरासमोर बांबू आणि झावळ्यांचा मोठा मांडव घालत. आणि त्या मांडवात, एका पाटावर, आणखी एक इवलासा मांडव ठेवला जाई. हा मांडव खायचा असे. त्याचे खांब उसाच्या कांड्यांचे, भिंती गूळपापडीच्या, छप्पर खोबऱ्याच्या कापांचं. आत टांगायला तांदळाच्या उकडीची छोटी छोटी फळं. कुठलं हळदीने पिवळं, कुठलं कोकमाच्या पाण्याने लाल.

हा गोड मांडव मुलांनी करायचा, अशी रीत होती. प्रार्थना झाली की प्रत्येक मूल आपण केलेलं फळ शोधून काढी आणि तेच खाई. शोधायला कष्ट पडत नसत. कारण कुणाचं केळं चपटं, कुणाचं लिंबू तडकलेलं, कुणाच्या अंजिरावर अंगठ्याचा ठसा.

मुलांकडून हे करून घ्यायचं काम मलकाबाईंकडे आलं. त्यांच्या हाताला विलक्षण कसब होतं. त्यांनी उकडीचं डाळिंब केलं, तर पाखराने येऊन चोच मारावी. मुलं त्यांच्या ओटीवर हौसेने जमत, उकडीची फळं वळत आणि घरी जात. मग मलकाबाई ती सगळी मोडत, उकड पुन्हा मळत आणि सगळी फळं स्वतः करत.

"सणाला असलं वेडंवाकडं ठेवायचं होय?" त्या म्हणत. "देवापुढचं काम आहे."

त्यांची मुलगी दीना उकडीच्या परातीकडे हात नेई. "तू नुसती बघ," मलकाबाई म्हणत. "बघून बघून येतं सगळं."

त्या पहिल्याच वर्षी मांडव इतका देखणा झाला, की शेजारच्या गावांतून माणसं बघायला आली. प्रार्थना संपली आणि मुलं पाटाभोवती धावली. त्यांत मोझेल नावाची एक लहान मुलगी होती. ती खूप वेळ वाकून शोधत राहिली.

"काय गं, काय हरवलं?" मलकाबाईंनी विचारलं.

"माझं डाळिंब."

"ही काय, इतकी डाळिंबं आहेत. हे घे, बघ किती सुरेख."

मोझेलने ते हातात घेऊन फिरवून पाहिलं. "हे माझं नाही," ती म्हणाली. तिने ते परत ठेवलं आणि आईच्या पदराला जाऊन बिलगली. मलकाबाई हसल्या. मुलांचं काय मनावर घ्यायचं!

प्रार्थना सांगणारे हसाजीकाका हे बघत होते. ते म्हणाले, "मलकाबाई, मांडव फार सुंदर झालाय. पण यात मुलं कुठे दिसत नाहीत हो."

मलकाबाईंच्या कानात काकांचं पहिलं वाक्य तेवढं राहिलं.

पुढच्या सणाला मोझेल आली नाही. मग हळूहळू बाकीचीही येईनाशी झाली. मलकाबाईंना उलट बरंच वाटलं. ओटी स्वच्छ राही, उकड वाया जात नसे. दीना मोठी झाली, लग्न होऊन खाडीपलीकडच्या गावी गेली. मांडव दरवर्षी अधिकच सुंदर होत गेला.

आणि एका सकाळी मलकाबाई अंथरुणातून उठायला गेल्या, तर उजवा हात उचलेना. वैद्याने लेप दिले, तेलं दिली. हात खांद्यापासून लोंबत राहिला, तो राहिलाच.

सण जवळ आला. मलकाबाईंनी दीनाला बोलावून घेतलं. परात समोर ठेवली आणि म्हणाल्या, "मी सांगते, तू कर."

दीनाने उकड हातात घेतली. गोळा फुटला. दुसरा घेतला, तोही फुटला.

"अगं, अंगठा ओला कर. असा नाही! इतकी वर्षं बघत होतीस ना तू?"

"बघतच होते, आई," दीना म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तू कधी हात लावू दिलास? मला बघता येतं. करता येत नाही."

मलकाबाई तशाच उठल्या आणि मोझेलच्या घरी गेल्या. मोझेल आता लेकुरवाळी झाली होती. तिने त्यांना बसायला पाट दिला, पाणी दिलं.

"मोझेल, माझ्यावर राग असेल तुझा," मलकाबाई म्हणाल्या. "पण सणासाठी तरी चल."

"राग कसला, मावशी?" मोझेल शांतपणे म्हणाली. "तेव्हा वाईट वाटलं होतं, मग विसरून गेले. पण त्यानंतर मी उकडीला हातच लावला नाही. मला येतच नाही काही. माझ्या पोरांना तरी मी काय शिकवू?"

मग मलकाबाईंनी गावातल्या मुलांना बोलावलं. मुलं आली, परातीभोवती गोल करून बसली आणि हात मांडीवर ठेवून मलकाबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

"घ्या ना रे," त्या काकुळतीला आल्या. "घ्या, काहीही करा. कसंही करा."

एकानेही हात पुढे केला नाही. एक मुलगी हळूच म्हणाली, "तुम्ही करा ना. आम्ही बघतो."

मलकाबाईंनी डाव्या हाताने एक गोळा वळायला घेतला. तो त्यांच्या बोटांतून निसटून परातीत पडला. मुलं थोडा वेळ थांबली आणि खेळायला निघून गेली. उकड वाळून तिला भेगा पडल्या.

सणाच्या दिवशी मोठ्या मांडवात पाट रिकामा होता. मुलांनी विचारलं, "मलकाबाईंचा मांडव कुठे आहे?"

हसाजीकाका कधीच वारले होते, त्यामुळे कुणाला त्या प्रश्नात काही वावगं वाटलं नाही. मलकाबाईंना मात्र ते ऐकून रडू फुटलं. गावाचा मांडव, मुलांचा मांडव, आणि त्याला आपलं नाव चिकटून बसलं होतं. पुढे मलकाबाई वारल्या आणि त्यांच्याबरोबर तो गोड मांडवही कायमचा गेला. काही वर्षं लोकांनी पाटावर चार केळी ठेवली, पुढे पाट ठेवायचंही सोडून दिलं. आज त्या गावात विचाराल, तर उकडीची फळं कुणाला माहीतसुद्धा नाहीत.

मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: मुलांच्या हातचं वेडंवाकडं जो मोडून टाकतो, तो आपली विद्याच मोडून टाकतो.